एकाची शेपटी

नोकरीबद्दल लिहायचं तर माझं अर्ध्या पानात आटपेल. डेल्फ्टजवळच्या एका कंपनीत मी आयुष्यभर चिप तपासल्या. चिप चालते किंवा चालत नाही. चालली तर पुढे, नाही तर डब्यात. यावर पानं भरून मी कुणाची दिवाळी खराब करणार नाही.

माझं खरं काम शनिवार-रविवारचं. मी स्कोअरर. तोही क्रिकेटचा नव्हे, बेसबॉलचा. इथे त्याला होंकबाल म्हणतात. पुण्यात थोरल्या भावाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सातासमुद्रापलीकडे जाऊन तू धावा मोजतोस?" मी म्हटलं, "दादा, धावा कुणीही मोजतं. मी चुका लिहितो." त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. फोन कट झालाय असं वाटून मीही ठेवून दिला.

पण खरंच तसं आहे. क्रिकेटच्या वहीत झेल सुटला तर त्याची नोंद कुठेच होत नाही. फलंदाज वाचला, पुढचा चेंडू. सोडणाऱ्याचं नाव फक्त प्रेक्षकांच्या शिव्यांत राहतं, आणि शिव्या काय, संध्याकाळपर्यंत विरतात. होंकबालमध्ये तशी सोय नाही. इथे चार ठाणी असतात. पळत पळत एकेक ठाणं गाठायचं आणि शेवटी निघालो त्या घरी परत यायचं, की झाली एक धाव. आता माणूस पुढच्या ठाण्यावर पोचला तो स्वतःच्या कर्तबगारीने, की समोरच्या कुणाच्या गलथानपणामुळे, हे स्कोअररने त्याच क्षणी ठरवायचं. गलथानपणा असेल तर इंग्रजी ई हे अक्षर काढायचं, आणि त्याच्यापुढे गुन्हेगाराचा आकडा. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे आहेत. चेंडू फेकणारा पिचर तो 1. पहिल्या ठाण्यावरचा 3. उजवीकडे लांब, कुंपणापाशी उभा राहून कंटाळणारा, तो 9. एकदा ई आणि आकडा पडला की पडला. दगडावरची रेघ. नियमाप्रमाणे एका दिवसाच्या आत निर्णय बदलता येतो, त्यानंतर नाही.

साहजिकच लोक तुम्हाला भेटायला येतात. एक बाई सफरचंदाचा केक घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलाचा फटका मी समोरच्याची चूक म्हणून लिहिला होता. म्हणाल्या, "किती छान मारला होता हो त्याने!" मी केक खाल्ला, दोनदा खाल्ला, आणि निर्णय तसाच ठेवला. बाई पुढची चार वर्षं मला नमस्कार करत नव्हत्या. एका उन्हाळ्यात तर एक पंच स्वतःच माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजला, की माझ्या जावयाचं जरा बघ. त्याचंही मी बघितलं नाही. या गोष्टी मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, फार ऐटीत सांगायचो. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "हो, हो. हरिश्चंद्राचा अवतारच तुम्ही." मला ते कौतुकच वाटायचं.

ही सगळी ऐट जिथे शिकलो तो संघ आधी सांगतो.

पस्तीस वर्षांपूर्वी मी शिकायला डेल्फ्टला आलो. तेव्हा इथे मराठी माणूस हुडकावा लागे. आता आगगाडीत फोनवर "अगं, पोचतेय दहा मिनिटांत" ऐकू येतं आणि मी मान वर करून बघतसुद्धा नाही. त्या काळात रविवार खायला उठायचा. असाच एका रविवारी सायकलवरून भटकताना काचेच्या हरितगृहांच्या मागे एका कुरणात मला अठरा माणसं आणि सहा मेंढ्या दिसल्या. माणसं होंकबाल खेळत होती. मेंढ्या बघत होत्या. मीही उभा राहिलो.

तो संघ नुकताच दुसऱ्या वर्षात आला होता. सगळ्यांत खालची, चौथ्या वर्गाची लीग. मैदान एका शेतकऱ्याचं, त्याला डावीकडून कालवा. कालव्यात चेंडू गेला की मासे धरायच्या लांब दांड्याच्या जाळीने तो काढायचा, पुसायचा आणि पुन्हा खेळायचा. फलंदाजामागचं कुंपण म्हणजे मासेमारीची जुनी जाळी. खेळाडूंना बसायला मोडीत काढलेला एक बसथांबा, तो त्यांनी रात्रपाळी संपवून आलेल्या कुणाच्या ट्रकमधून आणला होता. त्यावर शेवटपर्यंत बसचा नंबर होता. जमीन मात्र मोल नावाच्या प्राण्याने पोखरलेली. मोल म्हणजे आपल्याकडच्या घुशीचा आंधळा चुलतभाऊ म्हणा. जमिनीखाली बोगदे काढतो आणि वर मातीचे उंचवटे टाकून ठेवतो. संघाने म्हणून नावच घेतलं होतं 'मोल'. मला ते आपल्या मराठीतलं मोल वाटलं, किंमत या अर्थाचं. कुणाला तरी तसं सांगितलंही. त्यांना फार आवडलं.

हे ज्याला सांगितलं तो माणूस म्हणजे हान्स. संघ त्यानेच काढलेला. कप्तान तोच, पिचर तोच, पंच आला नाही तर त्याच्या घरी फोन करणाराही तोच. आठवडाभर पोस्टमन. उंच, वाकलेला, भुवया गवतासारख्या. मी कुंपणाशी उभा आहे बघून त्याने विचारलं, "भारतातला का? म्हणजे क्रिकेट येत असेल. स्कोअर लिहितोस?" मी शाळेच्या संघाचा लिहायचो. म्हटलं, "लिहितो." त्याने वही हातात दिली. दिलीच. त्या वहीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण पुढच्या महिन्याभरात हान्सने पोस्टाच्या पिशवीवर बसून मला एकेक खूण शिकवली. माझं नाव गजानन. डच घशात ग चा ख होतो आणि ज चा य, म्हणून मी झालो खायानान, आणि आठवड्यात नुसता खाया. पुढे लग्न होऊन सुनंदा आली तेव्हा तिने हे ऐकलं आणि म्हणाली, "खाया? मग पिया कुठेय?"

त्या माणसांचं मला फार अप्रूप वाटायचं, आजही वाटतं. दिवसभर टपाल टाकून, ट्राम दुरुस्त करून, टोमॅटो तोडून ही माणसं वाऱ्यापावसात सरावाला यायची. जिंकायची कमी. पण हरल्यावर समोरच्या संघाला सूप पाजायची, आणि स्वतःच्या चुका स्वतः येऊन सांगायची. "खाया, तो माझा होता, लिही." असा संघ मी नंतर पाहिला नाही. पुढे वरच्या लीगमध्ये झगमगाटात स्कोअर लिहिला, पण असे लोक नाहीत.

त्यातला नऊ नंबरच्या जागेवरचा माणूस विम. ट्राम दुरुस्त करायचा. तोंडातून दिवसाला चार शब्द निघाले तर खूप. चेंडू त्याच्याकडे क्वचित यायचा, पण आला की तो असा धावायचा की जणू घराला आग लागलीय.

तर त्या मोसमातला शेवटचा सामना. जिंकलो तर तिसऱ्या वर्गात बढती. कुरणाभोवती त्या दिवशी कधी नव्हे ते शंभरएक माणसं. शेवटचा डाव, दोन्हीकडे धावा सारख्या, समोरच्यांची फलंदाजी, आणि त्यांचा एक माणूस पहिल्या ठाण्यावर उभा. तो ठाणं सोडून पुढे सरकत होता, चोरटा. हान्सने त्याला पकडायला अचानक वळून पहिल्या ठाण्याकडे चेंडू फेकला. चेंडू निसटला. ठाण्यावरच्या गड्याच्या डोक्यावरून तो उजव्या कोपऱ्याकडे गेला. विम तिकडून धावत आला, खाली वाकला, हात बरोबर होता, आणि त्याच्या हाताच्या वीतभर आधी चेंडू मोलच्या उंचवट्यावर आपटून त्याच्या खांद्यावरून उडाला. तो कुंपणातून चेंडू काढेपर्यंत चोरटा घरी पोचला. एक धाव. त्यानंतर आमची फलंदाजी आली, तिघे बाद झाले, आणि सामना गेला. बढतीही गेली.

लोक ओरडत होते, मेंढ्यासुद्धा ओरडत होत्या. मी निर्णय घेतला. उंचवट्यावरून उडालेल्या चेंडूला विम काय करणार? चूक पिचरची. फेकणाऱ्याची. मी ई काढला, पुढे एक काढला, आणि शेवटी वही मिटली. मलाही रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

चारपाच दिवसांनी माझी खोली आवरत होतो. नायमेखनला काम मिळालं होतं, दुसऱ्या दिवशी जायचं होतं. हान्स टपालाच्या सायकलवरून आला. क्लबचं पाक्षिक डचमध्ये निघायचं, सामन्याची हकीकत त्यात वहीवरून लिहायचे. तो अंक त्याच्या हातात होता. माझं डच तेव्हा 'दूध' आणि 'धन्यवाद' एवढंच, म्हणून मी तो अंक काही बघितला नाही.

"खाया," हान्स म्हणाला, "ती शेवटची चूक. ते बरोबर नाही. बदल ते."

मला धक्काच बसला. हान्सने असं म्हणावं? जो माणूस आम्हाला शिकवायचा की आपली चूक आपण सांगायची, तोच आता स्वतःच्या नावावरची चूक पुसायला सांगतोय? मी ताठ झालो. वय पंचविसाचं, नियमपुस्तक पाठ. म्हटलं, "हान्स, एक दिवस उलटून गेला. आता बदल नाही. मी जे पाहिलं तेच लिहिलंय."

"तू ते पाहिलंस? खात्री आहे?"

"शंभर टक्के."

तो बराच वेळ दारात उभा राहिला. मग म्हणाला, "वाईट झालं." आणि गेला. मी दार लावलं आणि स्वतःवर फार खूश झालो. केकवाल्या बाईंना, पंचाला पुढे जी मी दाद दिली नाही, तिची सुरुवात इथून होती. हान्सला नाही म्हणून दाखवलं, मग बाकीच्यांची काय कथा!

नायमेखनला तीन वर्षं काढून मी डेल्फ्टला परत आलो. मोल अजून चौथ्याच वर्गात होते. त्या हारीनंतर चार चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबात गेले होते, आणि वर जायला पुढे अकरा वर्षं लागली. वही परत माझ्याकडे आली. हान्सने जुना विषय माझ्यापुढे कधी काढला नाही, मीही नाही. विमने मात्र खेळणं सोडलं होतं. तो आता मैदान सांभाळायचा. दर शनिवारी पहाटे येऊन गवत कापायचा, आणि हातात फावडं घेऊन मोलचा एकेक उंचवटा सपाट करायचा, पायाने दाबायचा, वर पाणी मारायचा. पावसात, गारठ्यात, मोसम नसतानासुद्धा. सगळे त्याला नेखन म्हणायचे. नेखन म्हणजे डचमध्ये नऊ. मला वाटायचं, नऊ नंबरच्या जागेवर खेळायचा म्हणून. मीही सकाळी भेटला की म्हणायचो, "मोर्खन, नेखन!" तो मान हलवायचा. मला त्याचं कौतुकच वाटायचं. म्हणायचो, काय प्रेम आहे माणसाचं मैदानावर!

सहा वर्षांपूर्वी हान्स गेला. मैदानाला आता त्याचं नाव आहे. बसथांबा जाऊन पक्कं क्लबघर झालंय, मेंढ्याही गेल्या.

या वर्षी क्लबने सुरुवातीच्या संघाचा इतिहास लिहायचं आणि हान्सच्या आठवणीत एक समारंभ करायचं ठरवलं. हे काम चिटणीस फेम्केकडे. तिशीची मुलगी, शाळेत शिकवते, उत्साह असा की बघून आपल्यालाच दमायला होतं. जुन्या वह्या तिला क्लबघराच्या माळ्यावर सापडल्या. ओल लागलेल्या, कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण पेन्सिल टिकली होती. शाई असती तर गेली असती, म्हणून मी कायम पेन्सिल वापरतो. ती वह्या घेऊन आमच्याकडे आली. "खाया, हे तुझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही." सोबत भिंतीवर लावायच्या फलकांचा कच्चा मजकूर होता. पहिल्या संघातल्या प्रत्येकाचा फोटो आणि खाली एक ओळ. विमच्या फोटोखाली होतं, 'विम, आमचा नेखन. ती सुप्रसिद्ध चूक त्याचीच, आणि ते हिरवं गवतही.'

"कुठली चूक?" मी विचारलं.

"ती रे, बढतीच्या सामन्यातली. सगळ्यांना माहीत आहे. गमतीने लिहिलंय. पण विमला दाखवलं तर म्हणाला, समारंभाच्या दिवशी सकाळी गवत कापीन आणि घरी जाईन. रागावला असेल का?"

मला वाटलं, फेम्केला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. ती गेल्यावर मी ती वही काढली, तो सामना शोधला. पिवळ्या पानावर शेवटचा डाव. आणि तिथे माझ्याच हाताने लिहिलेलं, ई आणि पुढे 9. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. 9. म्हणजे मी तेव्हा विमला दोषी धरलं होतं की काय? मला तर उंचवटा आठवत होता, खांद्यावरून उडालेला चेंडू आठवत होता. वय झालं, म्हटलं. माणसाला आपल्या सोयीचंच आठवतं. मी वही तशीच उघडी ठेवून चहा करायला गेलो.

त्याच टेबलाशी सुनंदा तिच्या वर्गाच्या वह्या तपासत बसली होती. दर रविवारी ती मुलांना मराठी शिकवते, इथल्याच एका भाड्याच्या खोलीत. मुलं इथे वाढलेली, मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देणारी. तिच्या मागे गेली कित्येक वर्षं एकच दुखणं. फळ्यावर १ काढला की अख्खा वर्ग ओरडतो, "नेखन!" आपल्या एकाला शेपटी असते, त्यांच्या नवालाही असते. मुलांचा काय दोष!

चहा घेऊन आलो तर ती माझ्या वहीत डोकावत होती. तिथे बोट ठेवून म्हणाली, "अहो, हा एक कुणी काढलाय? शेपटी काय सुरेख वळवलीय! माझ्या वर्गात एकालाही जमत नाही."

"एक? तो नऊ आहे."

"नऊ? हा?" तिने चष्मा कपाळावर सरकवला. "मला शिकवू नका. दर आठवड्याला पंचवीस वेळा हेच तपासते मी. हे बघा, याच पानावर तुमचा नऊ. सरळ काठी. आणि हा? गाठ वर, शेपटी डावीकडून वळून खाली. हा आपला एक आहे. तुमच्याच हातचा."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

मी मराठी शाळेत शिकलेला. पाढे, शिव्या आणि बेरजा अजूनही मराठीतच करतो. वहीत एरवी नीट इंग्रजी आकडे काढायचो, पण त्या दिवशी, त्या गोंधळात, रडू आवरत, हाताने आपलं शाळेतलंच काढलं. १. पिचर. आणि पाक्षिक लिहिणाऱ्या भल्या माणसाने त्याला वाचलं नऊ. विम.

सुनंदाला मी सगळं सांगितलं. उंचवटा, हान्सचं दारात उभं राहणं, सगळं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत की हो." आणि थोड्या वेळाने, "आणि चोर बिचारा दारात येऊन सांगत होता, चोर मी आहे म्हणून."

तेव्हा मला कळलं. हान्स चूक पुसायला आला नव्हता. तो चूक मागायला आला होता. अंकात विमचं नाव बघून तो सायकल मारत आला होता, की ते बरोबर नाही, ती माझी आहे, बदल. आणि मी, हरिश्चंद्राचा अवतार, त्याला नियम शिकवला. टेबलाशी बसून मी रडलो. सुनंदाने वह्या बाजूला केल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, पण "जाऊ द्या" म्हणाली नाही. तिचं हेच मला आवडतं.

दुसऱ्या शनिवारी सकाळी मी मैदानावर गेलो. विम आता पंचाहत्तरीचा. गुडघे गेलेत, तरी फावडं घेऊन पहिल्या ठाण्यामागे एका ताज्या उंचवट्यावर पाय देत उभा होता. मी वही उघडली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आमच्या लिपीत एक असा असतो. मी एक लिहिला. लोकांनी नऊ वाचला. चूक तुझी कधीच नव्हती. मी तेव्हाही तसं लिहिलं नव्हतं.

त्याने वाकून वहीतलं पान बघितलं. मग फावड्याच्या टोकाने चिखल दाखवत म्हणाला, "काढून दाखव." मी बोटाने एक काढला. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"नऊच दिसतो," तो म्हणाला.

"हो. विम, मला माफ कर."

"हान्सला माहीत होतं?"

"त्याला माहीत होतं की ती त्याची होती. माझ्याकडे आला होता तो. मी ऐकलं नाही."

विम फावड्यावर रेलला. त्याचे डोळे भरून आले, म्हाताऱ्या माणसाचे भरतात तसे, सावकाश. "दरवर्षी म्हणायचा तो. मोसम संपला की माझ्याकडे यायचा. विम, ती चूक माझी होती. तू नसलास की सगळ्यांसमोरही म्हणायचा. आम्हाला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस, मला बरं वाटावं म्हणून म्हणतो. वहीत तर नऊ होता ना." मग पायाखालची माती दाबत, "मी एकदाही त्याला बरोबर आहे म्हटलं नाही."

मी विचारू नये ते विचारलं. "तू हे सगळं, हे मैदान, त्या चुकीसाठी करत होतास?"

"पहिली दोन वर्षं. माझा उंचवटा मला दिसायला हवा होता, असं वाटायचं. आधीच सपाट केला असता तर." त्याने खांदे उडवले. "नंतर गवतासाठी."

मी म्हटलं, फलक बदलतो. पण हान्सच्या नावाच्या मैदानावर, हान्सच्या समारंभात, हान्सची चूक लिहायची कशी? नुसतं तुझं नाव काढून टाकतो.

विमने आवाज चढवलेला मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. "त्याची होती, त्याला दे! आयुष्यभर मागत होता माणूस. आपण कुणी दिली नाही."

समारंभाला विम आला. इस्त्रीचा शर्ट, बायकोने बळेच घातलेला टाय. मला बोलायला उठवलं तेव्हा मी वही हातात घेऊन शंभर माणसांसमोर सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या डचमध्ये, फळ्यावर एक आणि नऊ काढून. आधी हशा पिकला. मग हान्स दारात उभा होता ते सांगितलं. हान्सची मुलगी पुढच्या रांगेत बसली होती. तिने रडत रडत मान डोलावली. म्हणाली, "बाबा घरीसुद्धा हेच म्हणायचे." मागून कुणीतरी सवयीने हाक मारली, "नेखन!" आणि जीभ चावली. विमने हात वर केला, की असू दे, तीस वर्षांत कानाला बसलंय.

चहापानाच्या वेळी मी विमला टेबलाशी बोलावलं आणि त्याच्यासमोर वहीतली दुरुस्ती केली. जुना आकडा खोडला नाही. त्याच्याशेजारी स्वच्छ इंग्रजी 1 काढला, काठी सरळ, शेपटी नाही. मग समासात, ज्या जागेवर काहीच लिहायचं नसतं तिथे, आणखी एक ई काढला आणि पुढे एक गोल.

"हे काय?" विमने विचारलं.

"स्कोअररची चूक."

"स्कोअररला आकडा नसतो."

"आजपासून आहे. शून्य."

त्याने वही जवळ ओढली. चष्मा नव्हता, म्हणून अगदी नाकाशी धरली. "हा तरी तुमच्यात आणि आमच्यात सारखा आहे का? नाही तर आणखी कुणाला तरी गवत कापायला लागेल."

"सारखाच आहे," मी म्हटलं. "सुनंदाकडून तपासून घेतलाय."

विम हसला. खूप वेळ हसला, खोकला येईपर्यंत. मग वही मिटून माझ्या हातात दिली, टाय सोडून खिशात कोंबला आणि फावडं आणायला गेला, कारण दोन वाजता सामना होता आणि पहिल्या ठाण्यामागे सकाळपासून एक नवा उंचवटा आला होता. मीही कोट काढून त्याच्या मागे गेलो.